सीटी नॉर्मल आला, मग हात का हलत नाही?

घरातल्या कर्त्या माणसाचा उजवा हात अचानक लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, जीभ अडखळते. अंगावरून वारं गेलं म्हणून गाडी करून त्याला जिल्ह्याच्या गावाला आणतात. डोक्याचा सीटी स्कॅन होतो आणि डॉक्टर सांगतात, फोटो नॉर्मल आहे. लातूर असो, नांदेड असो की छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, त्यानंतर व्हरांड्यात ठरलेला प्रश्न येतो: "साहेब, फोटोत काहीच नाही म्हणता, मग अप्पांचा हात का हलत नाही?" त्याच्यामागून दुसरा: "मग आधीच एमआरआय का नाही काढला?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचं उत्तर घाईच्या वेळी दोन वाक्यांत मिळतं आणि नातेवाइकांच्या मनात शंका राहून जाते, की मशीन लहान होतं म्हणून काही दिसलं नाही, मोठ्या मशीनमध्ये दिसलं असतं. सीटी लहान आणि एमआरआय मोठा असा हिशोब मुळात नाही. प्रत्येक तपासणी मेंदूला वेगळा प्रश्न विचारते. कुठला प्रश्न आधी विचारायचा हे आजारावर आणि हाताशी किती वेळ आहे यावर ठरतं.

मेंदू बघणं इतकं अवघड का, तर तो हाडाच्या बंद कवटीत आहे आणि स्वतः मऊ, पाणीदार आहे. विल्हेल्म रॉन्टजेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि हाडं दिसू लागली, पण डोक्याचा एक्स-रे काढला की कवटीच तेवढी दिसते. आत रक्त साकळलं असलं तरी त्यात उमटत नाही. मोटारसायकलवरून पडलेल्या पोराचा "डोक्याचा एक्स-रे चांगला आलाय" म्हणून घरचे निर्धास्त होतात, हे धोक्याचं आहे. हाड शाबूत असतानाही आत रक्तस्राव होऊ शकतो.

सीटी येण्याआधी डॉक्टरांनी मेंदूपर्यंत पोचण्यासाठी काय काय केलं हे वाचलं की अंगावर काटा येतो. अमेरिकेतले शल्यचिकित्सक वॉल्टर डॅन्डी यांनी १९१८ मध्ये मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांमध्ये हवा भरून एक्स-रे काढले. हवेची सावली वेगळी पडते, त्यामुळे पोकळीचा आकार दिसायचा. पोकळी एका बाजूला ढकललेली दिसली की गाठ दुसऱ्या बाजूला, असा अंदाज. पुढे ही हवा पाठीच्या कण्यातूनही सोडू लागले. रुग्णाचं डोकं भयंकर दुखायचं, उलट्या व्हायच्या, आणि तरीही अनेक वर्षं हीच पद्धत चालली, कारण दुसरी नव्हती. १९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी मानेतल्या रोहिणीत एक्स-रेला दिसणारं औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं चित्र मिळवलं. ती पद्धत सुधारून आजही वापरात आहे. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी वर नेऊन केली जाणारी मेंदूची अँजिओग्राफी ती हीच.

खरा पालट झाला १ ऑक्टोबर १९७१ ला. लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात एका बाईंच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे डॉक्टर नव्हते. ते ईएमआय या कंपनीत अभियंता होते, जी लोकांना गाण्यांच्या तबकड्यांमुळे माहीत होती. गणिताची बाजू ॲलन कॉरमॅक यांनी स्वतंत्रपणे आधीच मांडून ठेवली होती. दोघांना १९७९ चं नोबेल मिळालं.

त्यांनी केलं काय? माथ्याएवढ्या वाढलेल्या तुरीच्या शेतात चार-पाच माणसं काम करतायत आणि तुम्ही बांधावर एकाच जागी उभे आहात असं समजा. पुढच्या माणसाआड मागचा झाकला जातो, कोण किती आत आहे कळत नाही. पण बांधावरून पूर्ण फेरी मारत पाहत गेलात, तर कोण नेमकं कुठं उभं आहे याचा नकाशा मनात तयार होतो. साधा एक्स-रे म्हणजे एका जागेवरून पाहणं, सीटी म्हणजे फेरी मारणं. किरणांची नळी डोक्याभोवती फिरते, प्रत्येक कोनातून किती किरण पार झाले ते मोजलं जातं आणि संगणक त्या हजारो मोजण्यांवरून आतल्या प्रत्येक बिंदूची घनता काढतो. पहिल्या यंत्राच्या चित्रात ८० आडव्या आणि ८० उभ्या इतकेच चौकोन होते. आज ५१२ गुणिले ५१२ असतात, आणि सगळं डोकं काही सेकंदांत पुरं होतं.

सीटीत दिसणारा करडा रंग हा एक आकडा असतो. पाण्याला ० धरलंय, हवेला उणे १०००, कठीण हाड १००० च्या आसपास. मेंदूचा मऊ भाग साधारण २० ते ४५ मध्ये बसतो आणि ताजं साकळलेलं रक्त ६० ते ८० च्या घरात. हे एवढं अंतर डोळ्याला सहज कळतं. म्हणून मेंदूतलं ताजं रक्त सीटीत पांढरंशुभ्र उठून दिसतं.

लकव्यात मेंदूच्या पेशी दोन कारणांनी उपाशी पडतात. एक तर रक्तवाहिनी फुटते, किंवा रक्ताची गुठळी अडकून ती बंद होते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तोच लुळा हात, तेच वाकडं तोंड. कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी नुसतं तपासून तो खात्रीनं वेगळं सांगू शकत नाही. उपचार मात्र एकदम उलटे. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं, आणि रक्तस्राव असताना तेच इंजेक्शन दिलं तर जीव जाऊ शकतो. त्यामुळे पहिला प्रश्न एकच असतो, आत रक्त आहे का? सीटी याचं उत्तर काही मिनिटांत देतो.

गुठळी असेल तर पहिल्या काही तासांत सीटीत फारसं काही दिसत नाही. उपाशी पेशींमध्ये हळूहळू पाणी शिरतं, पण सुरुवातीला ते इतकं थोडं असतं की आकडा जेमतेम दोन-तीन अंकांनी उतरतो. डोळ्याला तो फरक कळत नाही. दुसऱ्या दिवशी तोच सीटी पुन्हा काढला तर तिथे काळसर डाग दिसेल. तेव्हा हात हलत नसताना सीटी "नॉर्मल" येणं म्हणजे काही नाही असं नव्हे. त्याचा अर्थ असा, की रक्तस्राव नाही, हा झटका बहुधा गुठळीचा आहे, इंजेक्शनचा विचार करायला वाट मोकळी आहे. व्हरांड्यात काळजीनं ऐकलेलं ते वाक्य पुष्कळदा चांगली बातमी असते.

या इंजेक्शनची मुदत झटका आल्यापासून साडेचार तासांची आहे. रक्तवाहिनी बंद असते तेव्हा मोठ्या झटक्यात मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक प्रसिद्ध हिशोब आहे. किनवट किंवा माहूरच्या माणसाला नांदेड गाठायला शंभर किलोमीटरच्या वर जावं लागतं. त्यात आधी तेलाची मालिश, मग कुणीतरी सांगितलेलं गावठी औषध, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं, आणि साडेचार तास गावातच संपतात. मला यातली सगळ्यात मोठी हळहळ ही वाटते, की औषध अस्तित्वात आहे, यंत्र जिल्ह्याला आहे, आणि माणूस वेळेनंतर पोचतो. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं यातलं एक जरी अचानक दिसलं तरी १०८ ला फोन करावा आणि जिथे सीटी आहे तिथेच थेट न्यावं. सीटी होईपर्यंत घरातली रक्त पातळ करायची गोळी देऊ नये, कारण आत रक्तस्राव आहे की नाही हे अजून कुणालाच माहीत नसतं.

डॉक्टर विचारतील, "शेवटचं कधी चांगलं पाहिलं होतं?" मुदत तिथून मोजतात. पहाटे पाचला उठल्यावर हात लुळा दिसला आणि रात्री दहाला माणूस चांगला बोलून झोपला होता, तर घड्याळ रात्री दहाला सुरू झालं असं धरावं लागतं. हे उत्तर अंदाजपंचे देऊ नये. रुग्णासोबत असा माणूस पाठवावा ज्यानं त्यांना शेवटचं पाहिलंय. झोपेतल्या अशा झटक्यात एमआरआय मदतीला येतो. काही रुग्णांत त्यावरून झटका ताजा आहे की जुना हे ताडता येतं आणि उपचाराची संधी वाचते. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर नळी घालून गुठळी ओढून काढण्याचा उपायही आहे, आणि निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंत करता येतो. कुठली रक्तवाहिनी बंद आहे हे औषध टोचून केलेल्या सीटी अँजिओग्राफीत दिसतं.

एमआरआयचं काम पूर्ण वेगळ्या पायावर चालतं. त्यात क्ष-किरण नसतातच. आपल्या शरीरात पाणी भरपूर आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनचा प्रत्येक अणुगर्भ एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. एरवी हे चुंबक कसेही विखुरलेले असतात. दीड टेस्लाच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट ताकदीच्या क्षेत्रात माणूस झोपला की त्यांतल्या थोड्यांचा कल एका दिशेला होतो. मग रेडिओ लहर सोडतात, सेकंदाला साधारण ६.४ कोटी कंपनांची, एफएमच्या पट्ट्याच्या जवळपासची. तेवढ्यानं त्या चुंबकांचा कल ढळतो. लहर थांबवली की ते परत जागेवर येतात आणि येताना स्वतः अतिशय क्षीण रेडिओ लहर सोडतात. मेंदूचा करडा भाग, पांढरा भाग, पोकळीतलं पाणी, गाठ, सूज, प्रत्येकातले चुंबक वेगळ्या वेगानं परततात. त्या वेगातल्या फरकाचंच चित्र बनतं. कुठली लहर कुठून आली हे ओळखायची युक्ती पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली, पीटर मॅन्सफील्ड यांनी तिला वेग आणि गणित दिलं, आणि दोघांना २००३ चं नोबेल मिळालं. ही जागा ओळखण्यासाठी तारांच्या वेटोळ्यांतला प्रवाह भराभर चालू-बंद करावा लागतो. वेटोळी थरथरतात आणि तोच तो धडधड आवाज. रुग्णाला आधीच सांगून ठेवलं आणि कानात बोळे दिले तर निम्मी भीती कमी होते.

लकव्यासाठी एमआरआयची एक खास पद्धत आहे, डिफ्युजन. निरोगी मेंदूत पाण्याचे रेणू इकडून तिकडे मोकळे फिरतात. रक्तपुरवठा तुटला की पेशींचे पंप बंद पडतात, बाहेरचं पाणी पेशीत शिरतं, ती फुगते आणि रेणूंचं फिरणं कोंडतं. ही कोंडी डिफ्युजनमध्ये काही मिनिटांतच पांढऱ्या ठिपक्यासारखी चमकते, जिथे सीटी अजून कोराच असतो. मेंदूच्या मागच्या, खालच्या भागात तर सीटीची नजर आणखी अधू होते, कारण तिथलं जाड हाड चित्रात रेघा मारतं. अचानक गरगरतंय, चालताना झोक जातोय, दोन-दोन दिसतंय आणि सीटी नॉर्मल आहे, अशा रुग्णाला म्हणूनच एमआरआय सांगतात.

तरी सुरुवात सीटीनं का? एमआरआयला वीस-पंचवीस मिनिटं निश्चल पडून राहावं लागतं. बेशुद्ध, तडफडणारा, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण तिथे सांभाळणं कठीण, आणि रात्री दोनला सीटी जितक्या ठिकाणी चालू मिळतो तितक्या ठिकाणी एमआरआय मिळत नाही.

त्या खोलीत लोखंड घेऊन जाणं जिवावर बेततं. चुंबक उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये थंड ठेवलेला असतो आणि तो कायम चालूच असतो. स्कॅन चालू नसतानाही, रात्री दिवे बंद असतानाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेलेल्या नातेवाइकाचा मृत्यू झाला होता. तंत्रज्ञ परत परत विचारतो तेव्हा चिडू नये. जोडवी, मंगळसूत्र, पैंजण, चांदीचा करदोडा, परकराची सेफ्टी पिन, केसातल्या पिना, कानातलं यंत्र, सगळं बाहेर. पेसमेकर, मेंदूच्या रक्तवाहिनीवर बसवलेली जुनी क्लिप, कानातलं रोपण असेल तर कागदपत्रांसह सांगावंच. हाडातला रॉड बहुतेक वेळा अडचण करत नाही, पण तोही सांगावा. काही शाईंमध्ये लोहाचे कण असतात आणि क्वचित तिथे चटका जाणवतो, म्हणून गोंदणही दाखवावं. आणि जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यांत किंवा वेल्डिंगच्या दुकानात काम केलेल्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी: कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता का? तो आत राहिला असेल तर चुंबकाच्या ओढीनं हलून डोळा जाऊ शकतो. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात.

वयस्कर माणसांचा एक वेगळाच घोळ असतो. आजी न्हाणीत घसरली, डोक्याला थोडं लागलं, दोन दिवसांत विसरून गेलं सगळं. महिन्यानं आजी गोंधळल्यासारखं बोलायला लागते, झोपूनच राहते, एक पाय ओढते. घरचे म्हणतात, वयच झालं. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो, कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या शिरा ताणल्या जातात आणि बारीक धक्क्यानंही त्यांतून रक्त झिरपत राहतं. सीटीत ते चंद्रकोरीच्या आकारात दिसतं. पहिल्या दिवसांत पांढरं, काही आठवड्यांनी काळसर. मधल्या काळात त्याचा रंग मेंदूशी तंतोतंत जुळतो आणि वाचणाऱ्याची कसोटी लागते. कवटीला लहान भोकं पाडून हे रक्त काढलं की म्हातारं माणूस पुष्कळदा पुन्हा हिंडू-फिरू लागतं. म्हणून स्कॅन करणाऱ्याला "महिन्यापूर्वी पडली होती" हे सांगणं महत्त्वाचं.

आता फीटबद्दल, कारण आपल्याकडे याच विषयात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. फीट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची, मग देवऋषी, मग उतारा. मोठ्या वयात किंवा अंगाच्या एकाच बाजूला पहिल्यांदा फीट आली तर मेंदूचं चित्र हवंच. भारतात अशा स्कॅनमध्ये दोन गोष्टी वारंवार सापडतात, क्षयाची गाठ आणि पट्टकृमीच्या अंड्यातून झालेली गाठ. दुसरीचं नाव ऐकून माळकरी घरातली माणसं दुखावतात: "आम्ही मटणाला शिवत नाही, मग डुकराचा जंत आमच्या मेंदूत कसा?" कुणाच्या पोटात हा जंत असेल तर त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. उघड्यावरच्या शौचातून ती पाण्यात, मातीत, तिथून कच्च्या कोथिंबिरीवर, मुळ्यावर येतात आणि नीट न धुता खाल्लं की पोटात जातात. शाकाहारी माणसालाही हे होतं, यात लाजण्यासारखं काही नाही. एमआरआयमध्ये जिवंत गाठीच्या पिशवीत जंताच्या डोक्याचा बारीक ठिपका दिसतो, आणि तो ठिपका निदान जवळपास पक्कं करतो. गाठ मरून तिचा चुना झाला असेल तर मात्र ती सीटीत अधिक ठसठशीत दिसते. अशा रुग्णाला दोन्ही तपासण्या सांगितल्या तर डॉक्टर पैसे काढतोय असं लगेच समजू नये.

फीटसाठी ईईजीही काढतात, पण ते चित्र नाही. डोक्यावर तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदवतात. जर्मनीतल्या हान्स बर्गर यांनी माणसाची अशी पहिली नोंद १९२४ मध्ये घेतली. दोन फीटच्या मधल्या काळात ती नॉर्मलही येऊ शकते, तेवढ्यावरून गोळ्या बंद करायच्या नसतात.

तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसते, तिथे हाड नसतं, त्यामुळे साध्या सोनोग्राफीनं मेंदू पाहता येतो. कमी दिवसांच्या बाळांत रक्तस्राव शोधायला हीच पहिली तपासणी. किरणं नाहीत, भूल नाही, पाळण्याशेजारी होते.

पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी खूण लावलेली साखर टोचून मेंदूचा कुठला भाग किती साखर खातो ते पाहतात. त्या औषधाची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. काही कर्करोगांत, काही स्मृतिभ्रंशात आणि अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी त्याचा उपयोग. रोजच्या लकव्यात नाही.

किरणांची भीती पुष्कळांना असते. डोक्याच्या एका सीटीत साधारण दोन मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. माती, हवा आणि आकाशातून वर्षभरात आपल्याला जेवढा आपोआप मिळतो, जवळपास तेवढाच. लकव्यात किंवा अपघातात ही भीती बाजूला ठेवावी. गरोदर बाईच्या डोक्याच्या सीटीतही गर्भापर्यंत पोचणारा अंश नगण्य असतो. मात्र लहान मुलाचा स्कॅन "एकदा करूनच टाका" म्हणून करू नये. तसंच वर्षानुवर्षं त्याच पद्धतीनं दुखणाऱ्या डोक्याला, तपासणीत काही दोष नसताना, स्कॅनमधून बहुतेक वेळा काही मिळत नाही. विजेसारखी एकदम उठलेली जीवघेणी डोकेदुखी, ताप आणि मान कडक, पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेलं दुखणं, सोबत उलट्या किंवा हातापायात अशक्तपणा असेल तर मात्र थांबू नये.

औषध टोचून स्कॅन सांगितला असेल तर किडनीचा त्रास, साखरेच्या गोळ्या, पूर्वी अशा औषधानं आलेली पुरळ किंवा दम हे आधी सांगावं. सीटीला आयोडीनचं औषध लागतं, एमआरआयला गॅडोलिनियमचं. खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी भरती असेल तर त्यासाठीच्या तपासण्या पॅकेजमध्येच धरतात. त्याच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पैसे भरण्याआधी विचारावं.

रिपोर्टचे शब्द मोबाइलवर शोधून घाबरणारी माणसं मी खूप पाहतो. सत्तरीतल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये "वयोमानानुसार मेंदू आक्रसला आहे" असं असणं नेहमीचं. "बारीक रक्तवाहिन्यांचे बदल" दिसले तर बीपी आणि साखर आजपासून नीट सांभाळायची, एवढा त्याचा अर्थ. शेवटी "लक्षणांशी ताडून पाहावे" अशी एक ओळ असते. ती जबाबदारी झटकणारी ओळ नाही. फोटो वाचणाऱ्यानं रुग्णाला पाहिलेलं नसतं, म्हणून तो हे ताडण्याचं काम रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरवर सोपवतो. पुढच्या गावी नेताना नुसता कागद नेऊ नका, फिल्मसोबत सीडीही मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळी. डॉक्टर ती संगणकावर मागेपुढे सरकवून, उजेड कमी-जास्त करून पाहतात, आणि पुष्कळदा तीच तपासणी पुन्हा करायची गरज उरत नाही.